गेटबाहेर जाणारं बिल्ड तपासा: तयार सॉफ्टवेअरच्या सुरक्षा चाचण्या आपोआप कशा चालवायच्या

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कुठल्याही फाउंड्रीत जा. ड्रॉइंग बरोबर आहे, पॅटर्न बरोबर आहे, एवढ्यावर कास्टिंग ट्रकमध्ये चढत नाही. स्पेक्ट्रोवर केमिस्ट्री बघतात, हार्डनेस घेतात, गिऱ्हाइकानं मागितलं तर अल्ट्रासॉनिक करतात आणि मग डिस्पॅच. त्याच फाउंड्रीला ईआरपी, म्हणजे कारभाराचं सॉफ्टवेअर, पुरवणारे आपण मात्र सोर्स कोडचा रिव्ह्यू करतो, त्यावर स्कॅनर चालवतो, आणि त्यातून तयार झालेली ईएक्सई फाइल मात्र उघडूनही न बघता रिमोटवरून गिऱ्हाइकाच्या मशीनवर टाकतो.

गिऱ्हाइकाकडे सोर्स जातच नाही. जातं ते बिल्ड, म्हणजे सोर्स कोड कंपाइल होऊन तयार झालेली फाइल, आणि सोर्सपासून बिल्डपर्यंतच्या वाटेवर बरंच काही घडू शकतं. सोलरविंड्स या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात, जे डिसेंबर २०२० मध्ये उघड झालं, हल्लेखोरांनी सोर्स भांडाराला हात न लावता बिल्ड चालू असताना फाइल बदलली. बाहेर पडलेलं अपडेट कंपनीच्याच सहीचं होतं. मार्च २०२४ मध्ये लिनक्सवरच्या एक्सझेड युटिल्स या फाइल दाबणाऱ्या टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचं दार सापडलं, तेव्हा ते चालू करणारा एक महत्त्वाचा तुकडा फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे वाटपासाठी बांधलेल्या फाइलमध्ये, होता. गिट भांडारात तो नव्हताच. आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरना एसएसएच, म्हणजे दुरून मशीनवर शिरण्याचं, लॉगिन किंचित हळू वाटलं म्हणून ते सापडलं, नाहीतर किती दिवस राहिलं असतं कोण जाणे.

आपल्याकडं इतके मोठे पाहुणे सहसा येत नाहीत. आपल्याकडं घडतं ते साधं असतं: डीबग बिल्ड, म्हणजे दोष शोधण्यापुरतं केलेलं बिल्ड, चुकून गिऱ्हाइकाकडं गेलं, ईएक्सईमध्ये डेटाबेसचा पासवर्ड राहिला, काटा इंडिकेटरवाल्यानं दिलेली जुनी डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी लायब्ररी फाइल) वर्षानुवर्षं तशीच सेटअपमध्ये चढत राहिली. या गोष्टी माणूस प्रत्येक रिलीजला बघत बसणार नाही. मशीन बघेल.

उदाहरणासाठी तीन वस्तू धरू, कारण कोल्हापुरातल्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांत थोड्याफार फरकानं याच असतात. पहिली, दूध संस्थेच्या संकलन केंद्रावर चालणारं विंडोजचं सॉफ्टवेअर. दुसरी, साखर कारखान्याच्या वजनकाट्याजवळ बसवलेला एआरएम प्रोसेसरचा लिनक्स बॉक्स, ज्यात सीमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम इंडिकेटरचं वजन वाचतो. तिसरी, कारखान्याच्या शेती खात्यातल्या स्लिप बॉयसाठीचं, म्हणजे उसाच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कर्मचाऱ्यासाठीचं, अँड्रॉइड ॲप. खाली सांगितलेली जवळजवळ सगळी टूल्स फुकट आहेत. त्यांची नावं आणि पर्याय इथं देवनागरीत आहेत. टर्मिनलवर अर्थातच मूळ स्पेलिंगनं टाकायचे.

पहिली पायरी: नक्की काय बाहेर जातं ते ठरवा

हे सोपं वाटतं आणि इथंच बहुतेकांची गाडी अडते. बिल्ड सर्व्हरवर तयार होणारी फाइल एक, टेस्टरनं तपासलेली दुसरी, आणि सपोर्टच्या माणसानं गिऱ्हाइकाकडं टाकलेली तिसरीच, असं सर्रास चालतं. म्हणून सगळ्यात आधी सीआयमध्ये, म्हणजे बिल्ड आणि चाचण्या आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेत, मग ते जेनकिन्स असो, गिटलॅब असो की गिटहब ॲक्शन्स, बिल्डनंतरची शेवटची पायरी अशी करा की बाहेर जाणाऱ्या सगळ्या फाइली ‘डिस्पॅच’ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये येतील आणि प्रत्येकीचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा, एका मजकूर फाइलमध्ये लिहिला जाईल. यापुढची प्रत्येक चाचणी याच फोल्डरवर. चाचणीसाठी पुन्हा बिल्ड करायचं नाही. पुन्हा केलेलं बिल्ड ही वेगळी वस्तू आहे. सपोर्टवाल्यांनाही फाइल घ्यायची ती इथूनच, हा नियम टूलपेक्षा महत्त्वाचा आहे आणि तो पाळून घ्यायला मालकाचाच आवाज लागतो.

आता इन्स्टॉलर फोडा. सेटअप फाइलवर थेट स्कॅनर चालवला तर तो बाहेरचं कवच बघतो आणि ‘ठीक आहे’ म्हणतो. इनो सेटअपसाठी इनोएक्स्ट्रॅक्ट, एनएसआयएससाठी सेव्हन-झिप आणि एमएसआयसाठी एमएसआयएक्झेकचा ॲडमिन इन्स्टॉल पर्याय वापरून आतल्या फाइली काढता येतात. पण मला त्याहून भरवशाची पद्धत वाटते ती अशी: कोऱ्या विंडोज व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट ठेवा, सीआयनं त्यावर सेटअप गुपचूप, म्हणजे सायलेंट मोडमध्ये, चालवायचा, आणि आधी-नंतरच्या फाइली, सर्व्हिसेस, रजिस्ट्रीची रन की (लॉगिन होताच काय चालवायचं याची नोंद) यांची तुलना करायची. गिऱ्हाइकाच्या मशीनवर खरोखर काय उतरतं ते असं दिसतं. पहिल्यांदा ही यादी बघाल तेव्हा त्यात ओळखीच्या नसलेल्या फाइली निघतील, याची खात्री बाळगा. प्रिंटरचा जुना ड्रायव्हर, कुणीतरी एकदा टाकलेली टेस्टची डेटाबेस फाइल, तीच डीएलएल दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांत.

त्याच मशीनवर आणखी एक तपासणी उरकून घ्या. आपल्या भागातली कितीतरी जुनी सॉफ्टवेअर्स प्रोग्रॅम फाइल्समध्ये न बसता सी ड्राइव्हच्या मुळाशी स्वतःचं फोल्डर करून बसतात. अशा फोल्डरमध्ये विंडोजच्या मूळ परवानग्यांप्रमाणे साध्या युजरलाही फाइल बदलता येते. त्यात तुमची सर्व्हिस लोकलसिस्टिम या सर्वाधिकारी खात्यावर चालत असेल, तर केंद्रावरचा कुठलाही युजर ती ईएक्सई बदलून पूर्ण मशीन ताब्यात घेऊ शकतो. आयकॅकल्स कमांडनं फोल्डरच्या परवानग्या छापून घ्या आणि ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ किंवा ‘एव्हरीवन’ यांना बदलाचा अधिकार दिसला की चाचणी नापास करा. सर्व्हिसच्या मार्गात मोकळी जागा आहे पण अवतरणचिन्हं नाहीत, हाही जुना दोष इथंच पकडता येतो.

दुसरी पायरी: फाइल आहे तीच आहे ना

स्कॅनरच्या आधी अर्ध्या मिनिटाची ओळखपरेड घ्या. लिनक्सवर ‘फाइल’ कमांडनं प्रोसेसर कुठला, ३२ बिट की ६४ बिट, सिम्बॉल काढलेत की नाहीत ते कळतं. विंडोजवर डंपबिननं कुठल्या डीएलएलवर अवलंबून आहे ते बघा. सी रनटाइमच्या नावात शेवटी ‘डी’ असलेली डीएलएल दिसली तर ते डीबग बिल्ड आहे, तिथंच थांबवा. अँड्रॉइडसाठी एएपीटी-२ च्या बॅजिंग आउटपुटमध्ये ‘डीबगेबल’ शब्द आला तर तेच. फाइलमधला आवृत्ती क्रमांक आणि गिटवरचा टॅग जुळतात का, हेही इथंच.

तिसरी पायरी: कंपायलरनं कवच घातलंय का

आधुनिक कंपायलर मेमरीवरच्या हल्ल्यांविरुद्ध काही संरक्षणं बिल्डमध्येच घालतात. ती घातली गेली की नाही हे तयार फाइलवरच कळतं. मेकफाइलमध्ये फ्लॅग लिहिलाय म्हणजे तो लागू झाला असं होत नाही.

लिनक्सच्या फाइलसाठी रीडएल्फ पुरतं. हेडरमध्ये प्रकार ‘डीवायएन’ हवा, ‘एक्झेक’ असेल तर फाइल ठरलेल्या पत्त्यावरच चढते आणि पत्ते विस्कटण्याच्या एएसएलआर संरक्षणाचा फायदा अर्धाच मिळतो. शेअर्ड लायब्ररीही ‘डीवायएन’च असते, म्हणून डायनॅमिक भागातला ‘पीआयई’ झेंडाही (प्रोग्रॅम कुठल्याही पत्त्यावर चढू शकतो याची खूण) बघा. प्रोग्रॅम हेडरमध्ये ‘जीएनयू स्टॅक’ या ओळीत परवानगी ‘आरडब्ल्यू’ असावी. त्यापुढं ‘ई’ आला तर स्टॅकवरचा डेटा कोड म्हणून चालवता येतो. ‘जीएनयू रेलरो’ आणि त्यासोबत ‘बाइंड नाऊ’ दोन्ही हवेत, तरच पूर्ण रेलरो, म्हणजे फंक्शनच्या पत्त्यांचा तक्ता नंतर कुणाला बदलता येत नाही. ‘आरपाथ’ किंवा ‘रनपाथ’मध्ये डेव्हलपरच्या होम फोल्डरचा पत्ता राहिला असेल तर तो काढा. सिम्बॉलच्या यादीत ‘स्टॅक चेक फेल’ हे फंक्शन दिसलं म्हणजे स्टॅक कॅनरी, स्टॅकवरची ओव्हरफ्लो पकडणारी खूण, आहे. हे सगळं एका फटक्यात दाखवणारी चेकसेक नावाची स्क्रिप्ट आहे, ती जेसनमध्ये निकाल देते, म्हणून सीआयमध्ये वापरायला बरी.

आता यातल्या खाचाखोचा, कारण खरं काम तिथं आहे.

उबंटूवरचा जीसीसी कंपायलर पीआयई, स्टॅक प्रोटेक्टर (कॅनरी घालणारा) आणि फोर्टिफाय (सीच्या धोकादायक फंक्शनांवरची तपासणी) मुळातच चालू ठेवतो. त्यामुळं डेव्हलपरच्या लॅपटॉपवर सगळं हिरवं दिसतं. काट्यावरच्या एआरएम बॉक्ससाठी बोर्ड विकणाऱ्यानं दिलेली क्रॉस-कंपायलर टूलचेन वापरलीत की तिच्यात हे मुळात चालू असेलच असं नाही, आणि तीच फाइल लाल होते. म्हणजे चाचणी बॉक्समध्ये जाणाऱ्या फाइलवरच हवी. फ्लॅग स्पष्ट लिहा: ऑप्टिमायझेशनचा ओ-२, फोर्टिफाय सोर्स, स्टॅक-प्रोटेक्टर-स्ट्राँग, पीआयई, आणि लिंकरला रेलरो, नाऊ, नो-एक्झेक-स्टॅक. फोर्टिफायची पातळी ३ जीसीसी १२ आणि जीलिबसी २.३४ पासून मिळते. जुन्या टूलचेनवर २ वर समाधान माना. ऑप्टिमायझेशन बंद असेल तर फोर्टिफाय काहीच करत नाही, हे लक्षात न राहिल्यानं बऱ्याच जणांचा अर्धा दिवस जातो.

स्टॅक चालवण्याजोगा होण्यामागं बऱ्याचदा असेंब्लीत लिहिलेली एकच छोटी फाइल असते. तिच्यात स्टॅकविषयीची नोंद नसेल तर लिंकर अख्ख्या प्रोग्रॅमचा स्टॅक चालवण्याजोगा करू शकतो. बिनयुटिल्स २.३९ पासून लिंकर त्याची सूचना देतो, पण बिल्डच्या लॉगमधल्या सूचना वाचतो कोण!

उलट बाजूनं, कॅनरी नाही म्हणून प्रत्येक वेळी बोंब मारू नका. एखाद्या छोट्या लायब्ररीत ॲरे वापरणारं फंक्शनच नसेल तर कंपायलर कॅनरी घालणार नाही, आणि ते बरोबर आहे. गो भाषेतल्या फाइलला सीचे हे निकष तसेच्या तसे लावणं चूक आहे. पायथॉनचा प्रोग्रॅम पायइन्स्टॉलरनं बांधला असेल तर चाचणी फक्त बाहेरच्या बूटलोडरची होते, तुमच्या कोडची नाही.

विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचं बिनस्किम वापरा. ते डायनॅमिक बेस, एनएक्स, हाय एन्ट्रॉपी व्हीए, जीएस आणि कंट्रोल फ्लो गार्ड ही विंडोजची अशीच संरक्षणं बघतं आणि सारिफ नावाच्या प्रमाणित स्वरूपात अहवाल देतं, जो गिटहब थेट वाचतो. त्याच्या बऱ्याच नियमांना पीडीबी, म्हणजे डीबगची माहिती असलेली, फाइल लागते. ती शेजारी नसेल तर नियम तपासलाच जात नाही, त्यामुळं बिल्डनंतर पीडीबी चाचणीपर्यंत पोचवा, पण डिस्पॅच फोल्डरमध्ये टाकू नका. आणि हो, व्हीबी-६ या जुन्या भाषेतलं एखादं मॉड्यूल अजून जिवंत असेल, तर ते या परीक्षेत पास होणार नाही. त्याची सोय सहाव्या पायरीत आहे.

चौथी पायरी: आत काय काय भरलंय

सॉफ्टवेअरच्या आतल्या घटकांची यादी म्हणजे एसबॉम. ती दोन स्वरूपांत चालते, एसपीडीएक्स आणि सायक्लोनडीएक्स. कुठलंही एक घ्या, वाद घालण्यात वेळ घालवू नका. सिफ्ट हे टूल फोडलेल्या डिस्पॅच फोल्डरवरून यादी बनवतं, ग्राइप ती यादी ज्ञात त्रुटींशी ताडून बघतं. ट्रिव्ही दोन्ही कामं करतं.

इथं मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. जावाच्या जारमध्ये, गोच्या फाइलमध्ये आणि डॉटनेटमध्ये घटकांची माहिती बऱ्यापैकी शिल्लक असते, स्कॅनर ती वाचतो. गोच्या तयार फाइलवर गोव्हल्नचेक बायनरी मोडमध्ये चालवलंत तर त्रुटी असलेलं फंक्शन फाइलमध्ये आहे का इथपर्यंत सांगतं. पण सी आणि सी-प्लस-प्लसमध्ये ओपनएसएसएल किंवा झेडलिब ही लायब्ररी स्टॅटिक लिंक केली, म्हणजे आपल्याच फाइलमध्ये मिसळली, की फाइलमध्ये त्याचा शिक्का बहुतेक वेळा पुसला जातो आणि स्कॅनर ‘काही नाही’ म्हणतो. ही यादी बिल्डच्या वेळीच बनवून जोडावी लागते. सुरुवातीला हातानं लिहिलेली फाइल चालेल: लायब्ररीचं नाव, आवृत्ती, कुठून घेतली. त्यात काटा इंडिकेटरची डीएलएल, फॅट मशीनची डीएलएल, बायोमेट्रिकची डीएलएल हेही घाला, आणि पुरवठादाराला तिच्या आवृत्तीबद्दल लेखी विचारा. उत्तर न देणारा पुरवठादार कोण, हीसुद्धा माहितीच.

पहिल्या स्कॅनमध्ये त्रुटींची भलीमोठी यादी येईल. घाबरून टूल बंद करू नका आणि सगळं दुरुस्त करायलाही बसू नका. अमेरिकेची सिसा ही सरकारी सायबर सुरक्षा संस्था प्रत्यक्ष हल्ल्यात वापरल्या गेलेल्या त्रुटींची केव्ह नावाची यादी नोव्हेंबर २०२१ पासून ठेवते. तुमच्या यादीतली त्रुटी केव्हमध्ये असेल आणि तो घटक नेटवर्कसमोर उघडा असेल तर रिलीज थांबवा. बाकीच्यांचा क्रम नंतर लावता येतो. फक्त तीव्रतेच्या गुणांवर रिलीज अडवणारी टीम महिन्याभरात गेटच काढून टाकते, असं माझं निरीक्षण आहे.

एसबॉमचा कायद्याच्या बाजूनंही उपयोग आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये एसबॉमविषयी तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या. सरकारी किंवा सार्वजनिक क्षेत्रातलं काम घेणाऱ्यांच्या टेंडरमध्ये त्याचा उल्लेख आला तर नवल वाटायला नको. इथल्या मशीन उत्पादकांचा माल युरोपात जातो आणि त्यातल्या कंट्रोलरमध्ये तुमचं सॉफ्टवेअर असेल, तर युरोपियन युनियनचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट ११ डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू होतो. त्रुटी कळवण्याचं बंधन त्याआधी, ११ सप्टेंबर २०२६ पासूनच.

पाचवी पायरी: पोटातली गुपितं आणि पाठीवरची सही

‘स्ट्रिंग्ज’ ही जुनी कमांड डिस्पॅच फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलवर चालवा. विंडोजच्या फाइलींत बरंच लेखन १६ बिट युनिकोडमध्ये असतं, म्हणून एकदा साधी आणि एकदा ‘ई एल’ पर्याय लावून चालवा. दुसरी फेरी विसरली तर डॉटनेटमधला पासवर्ड दिसतच नाही. निकालात शोधायचं काय? ‘पासवर्ड’ आणि त्यापुढं बरोबरचं चिन्ह, खासगी किल्लीची ‘बिगिन’ ओळ, क्लाउडच्या किल्ल्यांचे ठरावीक आरंभ, एसएमएस गेटवेचा टोकन, १९२.१६८ ने सुरू होणारे ऑफिसमधले पत्ते, डेव्हलपरच्या नावाचे फोल्डर. ट्रफलहॉग आणि गिटलीक्स यांच्याकडं तयार नमुने आहेत, पण तुमच्या एसएमएसवाल्याच्या आणि पेमेंटवाल्याच्या किल्लीचा नमुना तुम्हालाच लिहावा लागेल.

डॉटनेटची ईएक्सई आयएलस्पायमध्ये उघडली की जवळजवळ मूळ सोर्स वाचता येतो. अँड्रॉइडची एपीके जॅडएक्समध्ये तशीच. म्हणून सीआयमध्ये ॲप उलगडून त्या मजकुरावरच गुपितं शोधणं जास्त फलदायी ठरतं. सापडलेला पासवर्ड कोडमधून काढणं हे निम्मं काम. तो आधीच्या रिलीजमधून बाहेर गेलेला आहे, तेव्हा बदलणं भाग आहे. सगळ्या दूध संस्थांच्या डेटाबेसला एकच पासवर्ड असेल तर ते बदलणं म्हणजे मोठा उपद्व्याप, हे मान्य. तरीही.

सही म्हणजे फाइल आपल्याच कंपनीची आहे याचा डिजिटल शिक्का. तिचा क्रम असा ठेवा: आधी सगळ्या चाचण्या, मग सही, मग सही तपासणारी चाचणी. सहीनं फाइल बदलते, तेव्हा हॅशची फाइलही सहीनंतर पुन्हा लिहा. साइनटूलच्या व्हेरिफाय पर्यायानं सही आणि टाइमस्टँप दोन्ही बघा. टाइमस्टँप नसेल तर प्रमाणपत्राची मुदत संपली की जुनं सेटअपही बिनसहीचं ठरतं. १ जून २०२३ पासून कोड साइनिंगची खासगी किल्ली हार्डवेअरमध्येच ठेवणं बंधनकारक झालं, त्यामुळं बहुतेकांकडं यूएसबी टोकन आलं आणि पिन टाकायला माणूस बसला. ऑटोमेशन हवं असेल तर प्रमाणपत्र कंपनीची क्लाउड साइनिंग सेवा बघा. रिलीज कमी असतील तर माणसानं पिन टाकणंही वाईट नाही. तेवढीच एक शेवटची नजर पडते. अँड्रॉइडला एपीकेसाइनरनं प्रमाणपत्र छापून घ्या, त्यात ‘अँड्रॉइड डीबग’ नाव आलं तर थांबा.

क्लॅमएव्ही आणि विंडोज डिफेंडर शेवटी चालवून घ्या. पायइन्स्टॉलरच्या फाइलींना अँटिव्हायरस उगाच पकडतात, ते गिऱ्हाइकाच्या आधी आपल्याला कळलेलं बरं. व्हायरसटोटल या ऑनलाइन तपासणीच्या साइटवर मात्र सीआयमधून फाइल आपोआप चढवू नका. तिथं चढवलेली फाइल इतर सुरक्षा कंपन्यांना मिळते. फक्त हॅश विचारता येतो, तेवढं पुरे.

सहावी पायरी: कुठं अडवायचं आणि कुठं सोडायचं

टूल लावणं एका आठवड्याचं काम आहे. गेट टिकवणं वर्षभराचं. माझ्या मते लहान टीमनं एकच नियम धरावा: आजचं बिल्ड कालच्यापेक्षा वाईट नको. पहिल्या दिवशीचा अख्खा निकाल एका फाइलमध्ये गोठवा आणि गिटमध्ये ठेवा. पुढच्या बिल्डमध्ये या यादीत नसलेलं काही आलं की नापास. यादीतलं जुनं दिसलं तर नोंद करून पुढं जाऊ द्या. असं केलं की जुन्या पापांसाठी आजच्या डेव्हलपरचं काम अडत नाही, आणि नवीन पाप आत येत नाही.

काही गोष्टींना मात्र ही सवलत नाही. डीबग बिल्ड, बाहेर दिसणारी खासगी किल्ली, सही नसणं, केव्हमधली उघडी त्रुटी: यांना जुनं-नवं काही नाही, थेट थांबवायचं.

सवलतीच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीला चार गोष्टी सक्तीच्या करा: कुठली फाइल, कुठला नियम, कारण, आणि मुदत. जबाबदार माणसाचं नावही तिथंच. व्हीबी-६ चं मॉड्यूल इथं येईल: ‘पुढच्या गळीत हंगामाआधी बदलायचं, तोवर चालेल’. मुदत उलटली की चाचणी आपोआप लाल झाली पाहिजे. मुदत नसलेली सवलत म्हणजे नियम रद्द केल्यासारखंच. मुदत ठरवताना आपलं कॅलेंडर बघा. कारखाना चालू असताना काट्यावरच्या बॉक्सला हात लावू देणार नाहीत, त्यामुळं ऑक्टोबरआधीची तारीख धरा, डिसेंबरची धरून उपयोग नाही.

निकाल माणसाला कळेल असा द्या. ‘नियम अमुक नापास’ एवढंच लिहिलं तर डेव्हलपर सीआय पुन्हा चालवतो आणि आशेवर बसतो. कुठली फाइल, काय कमी, कुठला फ्लॅग लावायचा, एवढ्या तीन ओळी स्क्रिप्टनं छापाव्यात.

सातवी पायरी: तपासणाऱ्याची तपासणी

डिस्पॅच फोल्डरशेजारी एक मुद्दाम बिघडवलेलं बिल्ड ठेवा. पीआयई बंद, स्टॅक चालवण्याजोगा, पोटात खोटी खासगी किल्ली, जुनं झेडलिब. प्रत्येक वेळी आधी ते गेटमधून पाठवा. ते नापास झालंच पाहिजे. एखाद्या दिवशी पास झालं तर स्कॅनर अपडेट होऊन आउटपुटचं स्वरूप बदललं असेल, किंवा रिकाम्या फोल्डरवर चाचणी चालून ‘शून्य दोष’ आला असेल. शून्य फाइली तपासल्या तर निकाल नापास, ही अटही स्क्रिप्टमध्ये घाला. हिरवा दिवा लागण्याची निम्मी खोटी कारणं यातच सापडतात.

स्कॅनर स्वतःच बाहेरून आणलेला कोड आहे, हे विसरू नका. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सचं चेंज्ड-फाइल्स हे लोकप्रिय गिटहब ॲक्शन हल्लेखोरांनी बदललं. जुने टॅग त्यांनी घातक कमिटकडं वळवले आणि ते वापरणाऱ्यांची गुपितं लॉगमध्ये छापली गेली. टॅगवर विसंबलेले फसले, पूर्ण कमिट हॅश लिहिलेले बहुतेक वाचले. म्हणून ॲक्शन असो की कंटेनर, आवृत्ती हॅशनं बांधा आणि बदल ठरवून करा. चाचणी चालवणाऱ्या मशीनला सहीची किल्ली दिसता कामा नये. शक्यतो बिल्ड आणि चाचणी वेगवेगळ्या रनरवर, म्हणजे सीआयच्या वेगळ्या मशीनवर, चालवा. बिल्डचं मशीनच बाधित असेल तर त्यावरच चालवलेल्या चाचणीला अर्थ नाही.

त्रुटींचा डेटाबेस रोज इंटरनेटवरून येतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद झाला होता आणि शहराचं काय झालं ते सगळ्यांना आठवतंच. नेट नसताना बिल्ड अडू नये म्हणून डेटाबेसची प्रत स्थानिक मशीनवर ठेवा, आणि ती ठरावीक दिवसांपेक्षा जुनी झाली तर सूचना येऊ द्या. बिल्ड सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नका, हे वेगळं सांगायला नको.

आठवी पायरी: बाहेर गेलेल्या मालाची रोजची हजेरी

रिलीजच्या दिवशी स्वच्छ असलेलं बिल्ड चार महिन्यांनी स्वच्छ राहत नाही. फाइल तीच राहते, त्रुटी नव्यानं सापडतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली सीव्हीई-२०२१-४४२२८ ही त्रुटी समोर आली, तेव्हा ‘आपल्या कुठल्या उत्पादनात हे आहे’ याचंच उत्तर शोधण्यात कित्येक कंपन्यांचे दिवस गेले, कारण ती लायब्ररी दुसऱ्या जारच्या पोटातल्या जारमध्ये बसलेली होती.

यासाठी प्रत्येक रिलीजचा एसबॉम, हॅशची फाइल आणि चाचणीचा अहवाल एकत्र जपून ठेवा. मग रात्रीचं एक काम लावा: फक्त एसबॉम घेऊन ताज्या डेटाबेसशी ताडायचे. पुन्हा बिल्ड नको, फोडणं नको, दोन-चार मिनिटांत होतं. शेजारी एक तक्ता हवा, कुठल्या संस्थेकडं कुठली आवृत्ती आहे याचा. बऱ्याच ठिकाणी तो सपोर्टच्या माणसाच्या डोक्यात किंवा त्याच्या व्हॉट्सॲपमध्ये असतो. सॉफ्टवेअर लायसन्स तपासायला किंवा बॅकअप पाठवायला सर्व्हरशी बोलत असेल तर त्याच वेळी आवृत्ती कळवू द्या, तक्ता आपोआप भरेल.

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. कारखान्यातून रात्री फोन आला की त्या ६ तासांत कोणाकडं कुठली आवृत्ती, त्यात कुठला घटक, आणि रिलीजच्या वेळी काय तपासलं होतं, हे शोधायला बसायचं नसतं. सीआयचे लॉग डीफॉल्ट मुदतीनंतर आपोआप पुसले जातात. ती मुदत आजच बघून वाढवा, आणि अहवालांची प्रत सीआयच्या बाहेर, वेगळ्या डिस्कवर टाका.